पुढचं पान फाडून या

या प्रवासाला तिकीट लागत नाही, एक अट मात्र आहे. पुढे काय झालं ते माहीत असल्याचा तोरा इथेच ठेवायचा आणि मग निघायचं.

अट जाचक वाटेल. तुमची नोकरी तीस वर्षांच्या घरात गेली आहे, हाताखाली दीड-दोनशे माणसं आहेत, लोणावळ्याच्या रिसॉर्टात नेतृत्वाची शिबिरं करून झाली आहेत. त्या शिबिरांत उद्योगपतींच्या गोष्टी शेवटाकडून सुरुवातीकडे सांगतात. कंपनी मोठी झाली हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे मालकाचा प्रत्येक हट्ट दूरदृष्टी ठरतो आणि प्रत्येक कर्ज धाडस. आज आपण किर्लोस्करांकडे निघालोय, पण सुरुवातीच्या टोकाने.

बेळगाव. विसाव्या शतकाची पहिलीच काही वर्षं. तुम्ही एका छपराखाली उभे आहात. कोळशाचा धूर आणि तेलाचा वास नाकात बसलाय. भिंतीला लोखंडी नांगर ओळीने टेकवून ठेवलेत. त्यावर बोट फिरवा, रंगावर धुळीचा थर आहे. फाळ हाताला गार लागतो. मातीचा कणही त्याला कधी चिकटलेला नाही. बाजारचा दिवस असावा. एक शेतकरी आत येतो, रुमण्याला हात लावून बघतो, फाळावर बोटाने टिचकी मारतो आणि दोन पावलं मागे सरतो. "लोखंडानं जमिनीत इख कालवंल की ओ," एवढं बोलून तो बाहेर पडतो.

त्याला हसू नका. त्याच्या वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न आहे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यात नीट करून देतो. हा मोडला तर कुणाच्या दारात जायचं? नवी संगणकप्रणाली आली की तुमच्या ऑफिसातले जुने अकाउंटंट तोंड वाकडं करतात, तेव्हा त्यांच्याही मनात हाच हिशेब असतो, पण तो विचारण्याचे कष्ट कुणी घेत नाही.

पलीकडे टेबलाशी लक्ष्मणराव किर्लोस्कर आहेत. जन्म १८६९ चा, म्हणजे पस्तिशीच्या आसपासचे. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तिथे काही रंगांतला फरक डोळ्यांना कळत नाही असं निघालं. मग यंत्रांची रेखाटनं शिकले, व्हीजेटीआयमध्ये ती शिकवू लागले, आणि आपल्या वाट्याची बढती डावलून दुसऱ्याला दिली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. थोरले भाऊ रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींचं दुकान होतंच. सायकल विकायची आणि ती चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा. शिकवणीचे १५ रुपये. त्यातून कडबा कापायचं यंत्र आलं आणि त्यानंतर हे नांगर. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागणार आहेत.

'लागणार आहेत' हे तुम्हाला माहीत. टेबलाशी बसलेल्या माणसाला नाही. इथे जरा रेंगाळू. तुमच्या कंपनीत एखादा माल आठ तिमाह्या गोदामात पडून राहिला तर काय होतं? दुसऱ्या तिमाहीत सूट, तिसरीत सल्लागार, चौथीत विभाग बंद आणि विभागप्रमुखाला निरोपाचा केक. तसं करणारे मूर्ख असतात असं नाही. न खपणारा माल बहुतेक वेळा न खपण्याच्याच लायकीचा असतो. चिकाटी कुठली आणि हटवादीपणा कुठला, हे त्या घडीला कुणालाच सांगता येत नाही. निकाल लागला की मग आपण नाव देऊन मोकळे होतो. तरी या छपराखाली एक गोष्ट दिसते, ती नोंदवून ठेवा. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलटी करून टाकतो, हे शेतात जाऊन डोळ्यांनी बघता येतं. गिऱ्हाईक पटलेलं नव्हतं, पण वस्तूबद्दलची खात्री अंदाजावर उभी नव्हती. तुमच्या त्या आठ तिमाह्या पडून राहिलेल्या मालाबद्दल असं कुणाला म्हणता आलं असतं का, एवढंच विचारतो.

१९१० मध्ये चला. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायची आहे, कारखान्याची जागा सोडा म्हणून सांगणं आलंय. कारखाना काही बिऱ्हाड नव्हे, की उचललं आणि दुसऱ्या गल्लीत मांडलं. औंधला एका सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांकडे होतं; त्या ओळखीतून संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडलजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी १०,००० रुपये. ऐकायला भाग्य वाटतं. आता कुंडल रोड स्टेशनावर उतरा आणि ते भाग्य बघा.

पाय टाकताना खाली बघा, नाग आहेत. नजर जाईल तिथवर निवडुंग आणि माळ. अरुंद रुळांवरून गाडी निघून जाते आणि मागे उरतं रणरणतं ऊन. पंचवीसेक कामगार बेळगावहून बायकापोरांसह आलेत. एका बाईने तीन दगड मांडून चूल पेटवलीय, मूल कडेवर आहे, आणि ती ज्या नजरेने नवऱ्याकडे बघते आहे तिचा अर्थ लावायला इतिहासकार लागत नाही. कुणाच्याही हातात नेमणूकपत्र नाही, कारखान्यातल्या कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधीचा कायदा तर अजून झालेलाच नाही. ही माणसं बेळगाव सोडून का आली? जमीन बघून आली नसावीत, ती कशी आहे ते तुम्ही बघताच आहात. मालकाने बोलावलं म्हणून आली. तुम्ही उद्या कंपनी सोडून माळावर जायचं म्हणालात, तर तुमच्या दीड-दोनशेतले किती येतील, हा प्रश्न मनात आला असेल तर तो मनातच ठेवा.

या माळावरचं खरं बघण्यासारखं काम म्हणजे माणसांची वाटणी. रामूअण्णा वसाहतीची आखणी आणि कारभार बघतात. शंभोराव जांभेकरांकडे योजना आणि रचना. अनंतराव फळणीकरांचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, ते इथे कल्पक इंजिनियर झाले. मंगेशराव रेगे हिशेबाला आणि पत्रव्यवहाराला. शाळेत नापास झालेले कुलकर्णी खजिना सांभाळू लागले आणि पडेल ते काम करू लागले. आज यांतल्या निम्म्यांचे अर्ज तुमच्या संगणकाने पहिल्याच चाळणीत उडवले असते.

रात्र पडू द्या. कंदिलाच्या उजेडात दोघे जण फेरी घालताना दिसतात. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. कच्चं लोखंड, तयार माल, हत्यारं, वस्तीतल्या बायामाणसांचे दागिने, सगळं त्यांच्या राखणीत आहे. नावं तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले.

दचकलात ना? ब्रिटिशांचा कायदा तेव्हा काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारत होता आणि इथे दरोड्याची शिक्षा झालेल्यांच्या हाती गोदाम दिलंय. यावर दोन प्रकारे बोलता येतं. लक्ष्मणराव माणसातलं माणूसपण ओळखत होते, हे झालं सभेतलं बोलणं. या माळावर चोर कुठून येतो, कसा येतो हे चोरीची वाट चाललेल्याइतकं कुणाला कळणार, हे व्यवहाराचं. माझ्या मते दोन्ही खरं आहे, आणि ते दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी सुचणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. नुसती दया असती तर त्यांना झाडू मारायला ठेवलं असतं, आणि निव्वळ हिशेब करणाऱ्याने त्यांच्यावर आणखी दोन पहारेकरी बसवले असते. ते दोघे या वसाहतीचे, म्हणजे किर्लोस्करवाडीचे, भरवशाचे राखणदार ठरले. आणखी एक गोष्ट: या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा मालकाचा दंडक होता. तेव्हा गावोगावी पाणवठे वेगळे होते, हे ध्यानात घ्या.

मात्र भारावून जाऊ नका. घर मालकाचं, दुकान मालकाचं, शाळा मालकाची, नोकरीही त्याचीच. मालक चांगला असेपर्यंत हे गोकुळ असतं. मालकाशी वाजलं तर माणूस जाणार कुठे, हा सवाल त्या चुलीपाशी बसलेल्या बाईनेही स्वतःला केला असेल.

पहिलं महायुद्ध झपाट्याने ओलांडू, पण एक दृश्य चुकवू नका. लोखंड मिळत नाही, कोळसा मिळत नाही, रंगसुद्धा मिळत नाही. आवारात पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा येऊन पडल्यात, कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून आलेल्या. त्या भट्टीत जाणार आणि नांगर होऊन बाहेर येणार. फोटो काढायचा मोह होईल इतकं हे दृश्य देखणं आहे. ओतारी मात्र तिथे उभा राहून त्या धातूत काय काय मिसळलेलं असेल या विवंचनेत आहे. त्याच्या तोंडाकडे बघा, तोफेकडे नंतर.

१९२० मध्ये इथून 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्रक निघू लागतं. संपादक शंकरराव किर्लोस्कर. तुमच्या कंपनीचं न्यूजलेटर आठवा, ज्यात साहेबांचा फोटो तीनदा आणि वृक्षारोपणाचा पाच वेळा असतो. या पत्रकाचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगर घेणारं गिऱ्हाईक सनातनी, आणि मालकाच्याच छापखान्यातून रूढींवर कोरडे ओढणारे लेख! संपादकाला एवढी मोकळीक देणं कुठल्याही विक्रीप्रमुखाच्या पोटात गोळा आणणारं आहे.

आता १९२६. तेवीस वर्षांचा एक तरुण अमेरिकेहून परत आलाय. लक्ष्मणरावांचे थोरले चिरंजीव, शंतनुराव. बोस्टनजवळच्या एमआयटीतून यांत्रिकी अभियंता होऊन आलेत. गेले तेव्हा बरोबर चुलतभाऊ माधव होता. क्षयाने तो गेला. या घरात आज पदवीचा आनंद आहे आणि त्याच घरात दुसऱ्या खोलीत रडून दमलेली माणसंही आहेत. पेढे वाटले असतील का, मला सांगता येणार नाही.

मालकाचा मुलगा, वर परदेशी शिक्षण. असा साहेब तुम्ही पाहिलेला आहे. पहिल्याच सोमवारी तो सगळ्यांना सभागृहात बोलावतो आणि आजवर तुम्ही जे करत होतात ते कसं मागासलेलं आहे ते पडद्यावर दाखवतो. इथली अडचण त्याहून खोल आहे. जुनी पिढी हाताने आणि नजरेने काम करणारी; ओतीव लोखंडाला टिचकी मारून आवाजावरून दोष सांगणारी. नवा माणूस गणित आणि ड्रॉइंग घेऊन आलाय. दोघांपैकी कुणी एक जिंकला तर कारखाना हरणार. पुढच्या दोन दशकांत कारभार बापाकडून मुलाकडे सरकत गेला तो हळूहळू. बापाने बाजूला होत जाणं आणि मुलाने ढकलून न देणं, या दोन्हींची दखल व्यवस्थापनाच्या पुस्तकांत कमीच घेतली जाते. कारण त्यात घोषणा करण्यासारखा एकही दिवस नसतो.

याच सुमाराला इथे पंप बनू लागतात. पंपापाशी थोडं थांबावंच लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यातून निघालं. विहिरीत पाणी आहे, पंपही आहे, पण तो फिरवायचा कशाने? खेड्यात वीज नाही. मग डिझेल इंजिन हवं. वीज येईल तिथे मोटर हवी. इंजिन आणि मोटर करायची तर यंत्रं घडवणारी यंत्रं, म्हणजे लेथ हवेत. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला लेथचा कारखाना निघतो. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला विजेच्या मोटरींची कंपनी. नकाशावर बघितलं तर हे घराणं चौफेर उधळलंय असं वाटेल. शेताच्या बांधावर उभं राहून बघा, मग कळतं की गिऱ्हाईक एकच आहे. आधी त्याला नांगर दिला, आता त्याच्याच विहिरीवरचा खोळंबा एकेक करून काढताहेत. 'डायव्हर्सिफिकेशन' हा शब्द ज्या सैलपणाने तुमच्या बैठकांत फिरतो, त्याला इथे काही काम नाही.

१९४८. इथे यायचं नसेल तर डोळे मिटून घ्या, पण हा थांबा टाळून पुढे जाता येणार नाही. ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारेकरी महाराष्ट्रातला ब्राह्मण आहे हे कळलं आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं पेटू लागली. किर्लोस्करही ब्राह्मण; फेब्रुवारीच्या सुरुवातीला जमाव किर्लोस्करवाडीवर आला. कारखाना पेटला.

कारखाना जळतो म्हणजे काय जळतं? लोखंडाचं फारसं काही बिघडत नाही, ते पुन्हा वितळवता येतं. जळतात ते लाकडी पॅटर्न, ज्यांच्यावरून साचे करायचे. जळतात ड्रॉइंगं, उधारीच्या वह्या, बिलं. एकेका पॅटर्नमागे एखाद्या सुताराच्या हाताची वर्षं असतात. आणि त्या राखेपलीकडे आसपासची गावं आहेत, जिथले लोक उद्या पुन्हा कामाला येणार, माल घेणार. जमावात कोण होतं, कोण नुसतं बघत होतं, कोण आडवं आलं? तुम्ही प्रमुख आहात असं धरा. उद्या सकाळी भोंगा वाजला की हजेरीच्या रांगेकडे कुठल्या नजरेने बघाल?

पुण्यात जागा होती. बंगळूर होतं, हरिहर होतं. विमा, नुकसानभरपाई, स्थलांतर असे तीन कागद पुढ्यात ठेवून कुठलाही समंजस संचालक तिसऱ्यावर सही करेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. किर्लोस्करांनी कारखाना तिथेच पुन्हा उभा केला. हा निर्णय मोठ्या मनाचा होता की मातीत पैसा, घरं, आठवणी गुंतल्या होत्या म्हणून होता, याची चिरफाड करण्यात मला रस नाही. तिथल्या माणसांसोबतच काम करायचं ठरलं, आणि झालं.

साठचं दशक भरभर जाऊ द्या. कोथरूडला १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्स कंपनीबरोबर भागीदारी झाली आणि मोठ्या इंजिनांचा कारखाना निघाला. तिकडे दिल्लीत परवान्यांचा काळ ऐन भरात आहे. सरकारने ठरवून दिलेल्या क्षमतेपेक्षा जास्त माल काढला तर तो पराक्रम नसून गुन्हा. पुढे १९६९ मध्ये मक्तेदारीविरोधी कायदाही आला. शंतनुराव याविरुद्ध उघडपणे बोलत राहिले. नफा मिळवण्यात लाजण्यासारखं काही नाही, ही त्यांची भूमिका होती. बाकीचे बरेच उद्योगपती दिल्लीच्या दाराबाहेर बसून हेच आपसात कुजबुजत होते. शंतनुरावांच्या आत्मचरित्राचं नाव 'कॅक्टस अँड रोझेस'. त्यातले निवडुंग कुठले ते कुंडल रोडला उतरलेल्या तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शेवटचा थांबा १९९४. २४ एप्रिलला शंतनुराव गेले. एमआयटीहून परतल्यापासून अडुसष्ट वर्षं झाली होती. सत्काराची भाषणं तुम्ही ऐकलेलीच आहेत, त्यासाठी इथे थांबायची गरज नाही. त्यापेक्षा आणखी काही वर्षं पुढे सरका, कारण गौरवग्रंथ संपतात तिथून पुढे ताळेबंद सुरू होतो. कोथरूडच्या कंपनीतला किर्लोस्करांचा हिस्सा कमिन्सने घेतला, नावातून किर्लोस्कर गेलं. पुढच्या पिढ्यांत उद्योगाच्या शाखा वेगळ्या झाल्या, आणि घरातले वाद कोर्टापर्यंत गेले. ज्या घराण्याने नापास झालेल्याच्या हाती खजिना आणि शिक्षा झालेल्याच्या हाती गोदाम दिलं, त्या घराण्यालाही वारशाची वाटणी वादाशिवाय जमली नाही. तुकाराम आणि पिऱ्याच्या गोष्टीइतकीच ही गोष्टही शिबिरांत शिकवायला हवी, पण ती कुणी शिकवत नाही. हरिहरचा लेथचा कारखाना शतक पालटता-पालटता बंद पडला. किर्लोस्करवाडीत पंप अजून बनतात. हरिहरला लेथ बनत नाहीत.